चिमूटभर मोरचूद

कंपनीचा डबा घ्यायचा की स्वस्तातलं काही पाहायचं, एवढाच प्रश्न होता. मी स्वस्तातलं पाहायचं ठरवलं. (माझ्या आयुष्यातले बहुतेक प्रश्न याच वाक्याने सुटलेले आहेत. लग्नातला सूट, घराचा रंग, स्कूटरचे टायर.) त्या वेळी मी धरमपेठेतल्या एका चकचकीत दुकानात उभा होतो आणि समोरचा टायवाला विक्रेता मला हॉट टबच्या पाण्याची निगा समजावून सांगत होता. क्लोरीनच्या गोळ्या वेगळ्या, पाण्याचा आंबटपणा सांभाळणारी पावडर वेगळी, फेस मारणारं औषध वेगळं, आणि हे सगळं नीट पडलं की नाही ते सांगणाऱ्या कागदी पट्ट्या आणखी वेगळ्या. किंमत ऐकून मी म्हणालो, "घरी विचारून सांगतो." घरी विचारण्यासारखं काहीही नव्हतं.

आता नागपूरच्या नंदनवन वस्तीत दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या कारकुनाकडे हॉट टब आला कुठून, हे सांगणं भाग आहे; नाहीतर इन्कम टॅक्सवाले येऊन सांगायला लावतील. मी शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत आहे. कुठल्याशा रिसॉर्टसाठी हा टब आला, उतरवताना त्याचा वरचा कोपरा तडकला, रिसॉर्टने नाकारला आणि तो आमच्या गोदामात पावसाळाभर पडून राहिला. गोदामातली मांजर त्यात व्याली. दिवाळीच्या तोंडावर सेठ म्हणाले, "कुशल, यंदा बोनसचं जमत नाही. टब घेऊन जा." मी नेला. हमालांनी तो आमच्या गल्लीत आणला तेव्हा सगळी गल्ली बाहेर आली. समोरच्या कुसुमताईंनी माझ्या बायकोला गॅलरीतूनच विचारलं, "काय वं रुचिका, म्हशी पाळून राहिले का?"

टब ठेवायला जागा एकच होती, अंगणात टिनाच्या शेडखाली, जिथे माझी स्कूटर उभी असायची. स्कूटर रस्त्यावर गेली. रुचिकाने माझ्याशी बोलणं बंद केलं.

पण त्या टबात बाबा बसले आणि सगळं पालटलं. माझे वडील गुलाबचंद हे विणकर. तरुणपणी उमरेडला खड्ड्याचा माग चालवायचे. म्हणजे जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि दिवस मावळेपर्यंत पावड्या दाबत राहायचं. तो माग केव्हाच मोडला, पण बाबांचे गुडघे जणू त्या खड्ड्यातच राहिले. हिवाळा लागला की पलंगावरून उठताना ते ओठ आवळून भिंतीकडे पाहायचे आणि आम्ही दुसरीकडे पाहायचो. एकाच घरात राहून आपल्या माणसाचं दुखणं न पाहण्याची सवय होते, ही काही चांगली गोष्ट नाही, पण होते खरी.

पहिल्या दिवशी मी आणि रुचिकाने त्यांना उचलून टबात सोडलं. गळ्यापर्यंत टबाच्या हीटरने तापवलेलं ऊन ऊन पाणी. थोड्या वेळाने त्यांनी एक पाय लांब केला. मग दुसरा. बाबांचे पाय सरळ झालेले मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

"कुशल," ते हळूच म्हणाले, "दुखून नाही राहिलं गा."

मग त्यांनी डोकं मागे टेकवलं, कानापर्यंत पाण्यात गेले, मिशा पाण्यावर तरंगायला लागल्या आणि ते कसलीशी जुनी चाल गुणगुणू लागले. रुचिका आत जाऊन रडली आणि बाहेर येऊन माझ्याशी बोलायला लागली. (पहिलं वाक्य: "स्कूटरवर निदान ताडपत्री तरी टाका.")

हळूहळू बाबा भिंतीला धरून फाटकापर्यंत जायला लागले. आणि एक दिवस पाण्यात बसल्या बसल्या म्हणाले, "मले उमरेडले ने. धोंडबाले भेटाचं आहे."

मी हातातला तांब्या खाली ठेवला. धोंडबा म्हणजे माझे मोठे बाबा, बाबांचे सख्खे थोरले भाऊ. ते सूत रंगवायचे, बाबा विणायचे. एकदा कोणाच्या तरी लग्नाची साडी पहिल्याच धुण्यात उतरली. लाल काठ सगळ्या अंगभर पसरला. बाबा म्हणाले, रंग कच्चा. मोठे बाबा म्हणाले, सूत खराब. त्यावरून दोघा भावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. माझ्या लग्नाला मोठे बाबा आले, जेवले, आहेर दिला आणि बाबांकडे न पाहता बस पकडून निघून गेले.

आता त्यांचा मुलगा सौरव याचा फोन आला होता. "कुशलभाऊ, बाबाची तब्येत खाली येऊन राहिली. गुलाबकाकाचं नाव घेतात. एकदा घेऊन या ना."

हे मी बाबांना भीत भीत सांगितलं होतं.  त्याचं उत्तर त्यांनी आज दिलं.

"त्याले एक गोष्ट सांगाची आहे," बाबा म्हणाले. "त्याच्या तोंडावर सांगाची आहे. गुडघे अजून जरासे मोकळे होऊ दे, गाडीत बसता आलं पाह्यजे. मंग जाऊ."

म्हणजे सगळं त्या टबावर येऊन ठेपलं, आणि टबाचं पाणी तर नासत चाललं होतं. आमच्या नळाच्या धारेने तो भरायला एक रविवार अख्खा जायचा, त्यामुळे पाणी रोज बदलणं अशक्य. त्याला बुळबुळीत शेवाळ धरलं, वास यायला लागला. रुचिका म्हणाली, "बाबा बाहेर काढताना हातातून निसटतात. पाण्याचं काहीतरी करा." म्हणून मी त्या दुकानात गेलो होतो आणि घरी विचारायला परत आलो होतो.

आधी तुरटी फिरवली. पाण्यातला सगळा गाळ तळाशी जाऊन बसला आणि बाबा त्या गाळावर बसले. मग नालीत टाकतात ती ब्लिचिंग पावडर आणली. तिने बाबांचा लाल पंचा गुलाबी केला, त्यांचे डोळे चुरचुरायला लागले आणि गल्लीभर असा वास सुटला की कुसुमताईंनी विचारलं, "घरात कोनाले हगवण लागली का?" शेवाळ मात्र होतं तिथेच होतं.

अशा वेळी मला रामाजी भेटले. रामाजी नरखेडकडचे संत्रावाले. त्यांचा माल आमच्या गोदामातून जातो, त्यामुळे चहाच्या टपरीवर गाठ पडते. मी माझं दुःख सांगितलं.

"त्यात काय आहे गा? मोरचूद टाक," रामाजी म्हणाले.

"मोरचूद? ते तं तुमी झाडाले लावता ना?"

"चुन्यात कालवून झाडाले लावतो, अन् वावरातल्या हौदात बी फिरवतो. शेवाळ नावाले राहात नाही. पन चिमूटभर बरं. फडक्यात बांधाचं, पान्यात फिरवाचं अन् काढून घ्याचं. अन् मानसाच्या अंगाचं मले मालूम नाही. कोनाले तरी इचारून घे."

(हे सगळं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. रामाजींवर बोट ठेवायला मला जागा नाही. मी शोधून पाहिली.)

रामाजींनी उरलेली पुडी फुकट दिली. फुकट म्हटल्यावर माझा विचार करणारा भाग झोपी जातो. संध्याकाळी मी टबाजवळ उभा राहून ते निळे खडे पाहिले आणि मनात म्हटलं, संत्र्याच्या झाडासाठी चिमूट, तर जन्मदात्या बापासाठीही चिमूटच? बाप काय झाडापेक्षा स्वस्त आहे? मी सगळी पुडी ओतली. वरून ब्लिचिंग पावडर चालूच ठेवली, कारण ती अर्धं पोतं उरली होती.

सकाळी पाणी पाहून मी थक्क झालो. निळंशार, तळाचे ओरखडेसुद्धा मोजावे इतकं नितळ! शेवाळ गेलं होतं. रुचिकाने घाबरून विचारलं, "हे अंगाला चालतं ना?" मी म्हटलं, "शेतकऱ्यांचं औषध आहे, नैसर्गिक." बाबा रोजच्यासारखे त्यात मान टाकून पडून राहिले. गुडघे मोकळे होत होते. आणखी काही दिवसांनी मी जीप ठरवली. उद्या सकाळी उमरेड.

त्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. रुचिका बाबांना अंगणात चहा द्यायला गेली आणि तिथूनच तिने हाक मारली, "अहो, जरा इकडे या. लवकर या."

बाबा उन्हात खुर्चीवर बसले होते. त्यांचे पांढरेशुभ्र केस हिरवे झाले होते. भुवया हिरव्या. आणि त्यांची ती झुबकेदार मिशी, जिला ते आयुष्यभर तेल लावत आले, ती ओल्या हरभऱ्यासारखी हिरवीगार. शेडच्या सावलीत आम्हा कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

"काय पाहून राहिले गा?" बाबांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

"आरसा आन."

आरशात त्यांनी खूप वेळ पाहिलं. मिशीचं एक टोक बोटांत धरून चोळलं, बोटं पाहिली. बोटांना काही लागलं नव्हतं.

"पक्का आहे," ते म्हणाले.

मग आमचा दिवस धुण्यात गेला. लिंबू लावलं, दही लावलं, खायचा सोडा लावला. इंटरनेटवर टोमॅटो सॉस लिहिलं होतं म्हणून तेही लावलं. बाबा डोळे मिटून निमूट बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर आम्ही एक एक पदार्थ चढवत होतो, जसं काही पाणीपुरीच्या गाडीवर उरलंसुरलं संपवतोय. शेवटी डोक्याला वास सगळ्याचा यायला लागला, रंग मात्र तोच राहिला.

"मी नाही येत उमरेडले," संध्याकाळी बाबा म्हणाले.

"बाबा, टोपी घाला ना. अन् मिशीवर मास्क लावू. अजूनही लावतात लोक."

"चोर आहो का मी?"

"मग काळा रंग लावून देते," रुचिका म्हणाली.

"रंगावर रंग चढवला का घान होते वं. अन् जाऊन राहिलो कोनाकडे? रंगाऱ्याकडे! जिंदगीभर त्याले म्हनलं, तुले रंग देता येत नाही. आता असं तोंड घेऊन त्याच्या समोर जाऊ? तो पहिले हासंल, मंग इचारंल, गुल्या, कोनी रंगवला रे तुले?"

तेव्हा मी आयुष्यातलं सगळ्यात वाईट वाक्य बोललो. "मग सगळंच काढून टाकू. डोकं, मिशी. गुळगुळीत."

बाबा खुर्चीवरून उठले. कोणाचाही हात न धरता, एका झटक्यात. त्यांना तसं उठताना मी कित्येक वर्षांनी पाहिलं आणि मला आनंदही होऊ शकला नाही.

"भाऊ जित्ता आहे माहा!" ते ओरडले. "मिशी उतरवून त्याच्या दारात जाऊ? लोक काय म्हनतीन? धोंडबा मेला म्हनतीन! त्याच्या डोयासमोर त्याचं सुतक पाळू का मी?"

आमच्यात मिशी उतरते ती घरातलं वडीलधारं माणूस गेल्यावरच. दुखणेकऱ्याच्या दारात तसं कोणी उभं राहिलं तर शत्रूही त्याला घरात घेणार नाही. मला हे माहीत होतं. पण त्या वेळी डोक्यात एकच घोळत होतं, जीपवाल्याला काय सांगायचं.

"खालून पांढरे येतीन," बाबा खाली बसत म्हणाले. "पांढरे आले का कापून घेतो अन् जातो. थोडा दम धर."

मी दम धरला. मी त्यांना तसंच उचलून गाडीत घालायला हवं होतं. त्याऐवजी मी सौरवला फोन केला आणि बाबांना सर्दी झाली म्हणून सांगितलं. त्याचा पुन्हा फोन आला तेव्हा खोकला सांगितला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी तो उचललाच नाही. (कारकुनाला कागद पुढे ढकलायची सवय असते. आपण काय ढकलतोय हे त्याला कळत नाही.) टब मी रिकामा केला होता. बाबा रोज सकाळी आरसा घेऊन केसांची मुळं पाहायचे. त्या वयात केस किती सावकाश वाढतात! तेवढ्यात थंडी वाढली, गुडघे पुन्हा आखडले, आणि ते पुन्हा ओठ आवळून भिंतीकडे पाहायला लागले.

एका सकाळी सौरवचा फोन आला. या वेळी मी उचलला.

"भाऊ, बाबा गेले," तो म्हणाला.

उमरेडला अंगणात माणसं दाटली होती. मी आणि सौरवने बाबांना जीपमधून खुर्चीवर उतरवलं आणि आत नेलं. बायकांचं रडणं आम्हाला पाहून थांबलं. खरंच थांबलं. सगळं अंगण बाबांच्या मिशीकडे पाहत होतं. एक म्हातारे विणकर पुढे आले आणि हात जोडून हळू आवाजात म्हणाले, "नवस आहे का गा, गुलाबभाऊ?"

 प्रेताच्या उशाशी मोठी आई, म्हणजे रुखमाबाई, बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"भाऊजी, हे काय?"

"लाजलो वयनी," बाबा म्हणाले. "पोराच्या हातून असं झालं. म्हनून आलो नाही. असं तोंड पाहून तो हासला असता."

रुखमाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"कोन हासला असता, भाऊजी? दिवाळीपासून त्याहिले काहीच दिसत नोहोतं. दोनी डोये गेले होते. म्हने, गुल्याले सांगू नोका, तो कीव करत येईन. दारात पाय वाजला का इचारत, गुल्या आला का? हिरवं का पांढरं, त्याहिले काय दिसनार होतं?"

 बाबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि खाली सरकले. गुडघे वाकत नव्हते, तरी ते तसेच भावाच्या बाजूला जमिनीवर बसले आणि त्याच्या कानाशी वाकले. मी त्यांच्या मागेच उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"धोंडबा, रंग तुहा चांगलाच होता रे. सूत मीच हलकं आनलं होतं. सस्त भेटलं म्हनून."

ते ऐकून मी अंगणाच्या कोपऱ्यात गेलो आणि भिंतीकडे तोंड करून रडलो. ही गोष्ट जिवंत कानात जायला हवी होती. ती माझ्यामुळे गेली नाही. हे मी रुचिकाला सांगितलं, सौरवला सांगितलं, दोघंही म्हणाले, जाऊ दे, होतं असं. पण ते होत नाही. मी केलं म्हणून झालं.

दहाव्याला नदीवर न्हावी आला. आता बाबांनी आपण होऊन मान पुढे केली. वस्तऱ्याने आधी डोकं केलं, मग मिशी. रिवाजाप्रमाणे पुतण्या म्हणून माझंही डोकं झालं, मिशी उतरली. वाळूत काळ्या-पांढऱ्या केसांच्या ढिगात बाबांच्या केसांचा तो हिरवा पुंजका पडला होता. चरत चरत एक बकरी आली, हिरवं पाहून थबकली, हुंगलं आणि तोंड फिरवून निघून गेली. बाबांनी ते पाहिलं. त्यांच्या ओठांशी काहीतरी हललं, पण ते हसू होतं की दुसरं काही, हे मिशीशिवाय मला वाचता येईना.

नागपूरला परतल्यावर मी तसाच, टकला, धरमपेठेतल्या दुकानात गेलो. टायवाल्याने माझ्या डोक्याकडे पाहून आवाज खाली आणला आणि सगळं मुकाट्याने पिशवीत भरून दिलं. रविवारभर टब घासला, नवं पाणी भरलं, डब्यावर लिहिलंय तेवढंच औषध टाकलं, एक थेंब कमी नाही, जास्त नाही. पट्टी बुडवून पाहिली. रंग पट्टीवर जसा यायला हवा तसा आला. मग बाबांना खुर्चीवरून टबापाशी आणलं.

"कोनचं औषध आहे?" त्यांनी विचारलं. उमरेडहून आल्यापासून ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"कंपनीचं, बाबा. सगळं कंपनीचं."

"हे पहिले बी भेटत होतं?"

"हो."

"मंग आनलं काहून नाही?"

मी म्हटलं, "चुकलो, बाबा." 

बाबा पाण्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता उठून आत जायला सांगतील.

"धोंडबा नवा रंग आनला का सगळं सूत एकदम नाही टाके," ते म्हणाले. "पहिले एक लडी बुडवे. वाळवे, धुवे, उन्हात धरून पाहे. मंग बाकीचं. तू उतर पान्यात."

"मी?"

"डोस्कं बी बुडव."

मी उतरलो. भर हिवाळ्यात, अंगणात, पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत आणि टकलाने. कुसुमताई गॅलरीत खुर्ची घेऊन आल्या.

आता बाबा पुन्हा पाण्यात बसतात. पाय पुन्हा सरळ व्हायला लागले आहेत. गुणगुणणं मात्र अजून आलेलं नाही, आणि ते येईल असं मी कोणाला सांगत नाही. पण नवा डबा फुटला की आधी मी उतरायचं, हा नियम कायम आहे. माझ्या डोक्यावर आता बारीक केस आले आहेत. चाळिशी उलटल्यामुळे बरेचसे पांढरेच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला उन्हात पाटावर बसवतात, चष्मा पुसून चढवतात आणि माझं डोकं दोन्ही हातांत धरून इकडून तिकडून फिरवून पाहतात. स्वतःच्या नजरेवर त्यांचा पूर्ण भरवसा नाही, म्हणून ते सुनेला हाक मारतात, "पाह्य वं रुचिका, ठीक दिसते का?"

रुचिका पदराला हात पुसत बाहेर येते, माझ्या डोक्याकडे नीट निरखून पाहते आणि दर वेळी म्हणते, "बाबा, अजून एक डाव बुडवून पाहा."